उताणं पान

"हा उलटा लावलाय," आत्या म्हणाली.

मी तिच्यापुढे दोन पायऱ्या होते. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात तिची काठी, कारण जिना चढताना तिला काठी नको असते, कठडा हवा असतो. पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यातलं हे छोटंसं वस्तुसंग्रहालय. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढचं वाचून कुणी उगाच तिथल्या माणसांना धारेवर धरायला नको. भाचेसुनेनं तिकिटं काढून दिली होती, बाहेर ऊन होतं, आत गारवा होता आणि जुन्या लाकडाचा, फिनेलचा एकत्र वास. आत्यानं खालच्या मजल्यावरच्या पैठण्या, पानाचे डबे, तलवारी सगळं दहा मिनिटांत उरकलं होतं. आणि जिन्याच्या वळणावर ती थांबली, मान वर करून.

"काय उलटा?"

"दिवा गं. दिव्याचा हात. बघ की वर."

भिंतीतून दीडेक फूट पुढे आलेला लोखंडी हात होता. त्याच्या वरच्या अंगाला लोखंडाचीच वेल: दोन मोठ्या वेलांट्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या, त्यांच्यामध्ये एक बारकी, आणि पुढे एक तळहाताएवढं पान. हाताच्या टोकाला कडी, कडीत साखळी, साखळीला चौकोनी कंदिलाच्या घाटाचा दिवा, आणि आत पांढराफटक एलईडी. सगळ्याला काळा ऑइलपेंट दिलेला, इतका जाड की पानाच्या शिरा बुजून गेल्या होत्या.

"पान उताणं आहे. जेवायला मांडल्यासारखं. आणि वाढलंय काय, तर धूळ."

खरंच पानात धूळ होती. करडी, मऊ, बऱ्याच दिवसांची. तिच्यात एक वाळका पतंग पाठीवर पडलेला.

मागून शाळेची मुलं येत होती. गणवेशातला रखवालदार धावत आला. "आजी, जिन्यात थांबू नका." आत्या म्हणाली, "अहो, हा दिवा उलटा लावलाय." त्यानं वर पाहिलं, बिचाऱ्यानं अगदी नीट पाहिलं, आणि म्हणाला, "तो पहिल्यापासून असाच आहे." "पहिल्यापासून म्हणजे तुम्ही नोकरीला लागल्यापासून," आत्या म्हणाली. मी तिचं कोपर धरून तिला वर नेलं. बाहेर पडताना तिनं अभिप्रायाची वही मागून घेतली, चष्मा बदलला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'संग्रह उत्तम. जिन्यावरचा दिवा उलटा बसवला आहे.' खाली पूर्ण सही, पेठेसकट पत्ता. मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईनं लाल पेन मागितलं नाही हेच नशीब.

रिक्षात मला तिचा राग आला होता. कुठेही गेलं की काहीतरी खोट काढायचीच, असा आमच्या घराण्याचाच राग. पण रात्री झोप येईना, आणि डोळ्यापुढे येत राहिलं ते पान.

एखादी गोष्ट उलटी आहे हे कळतं कसं? तांब्या, समई, खुर्ची यांना वर आणि खाली असतं, त्यात वाद नाही. पण लोखंडाच्या वेलीला? वेलांटी इकडे वळली काय आणि तिकडे वळली काय. ऱ्हस्वाची दीर्घ झाली तरी शब्द वाचता येतोच, टोचतं ते फक्त शुद्धलेखनवाल्यांना. हात भिंतीत पक्का होता, दिवा लागत होता, मुलं त्याच्याखालून वर जात होती. हजारो लोक त्या जिन्यानं गेले असतील. एकालाही काही वाटलं नाही. मीसुद्धा तिथे दुसऱ्यांदा गेले होते आणि पहिल्या वेळी मी त्याच दिव्याचा फोटो काढला होता. फोटो काढला तेव्हा मनात काय होतं तेही आठवतंय: 'आपल्या वाड्यातल्या हातासारखा आहे.'

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात माडीच्या जिन्यावर असाच एक होता. त्याला ब्रॅकेट वगैरे कुणी म्हणत नसे. हातच म्हणत. 'हातावरचा दिवा लाव', 'हाताला डोकं लागेल, वाक'. पणजोबांनी म्हणे तो कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याचं सामान लिलावात निघालं तेव्हा आणला. वाड्यात तो जरा परकाच होता. बाकी सगळं सागवान, खांब, तुळया, खुंट्या, कोनाडे. आणि मध्येच हा काळा, वेलबुट्टीचा, इंग्रजी वळणाचा पाहुणा. माझ्या लहानपणी त्याला वायर गुंडाळून चाळीसचा पिवळा बल्ब सोडलेला असे. पावसाळ्यात वरच्या खिडकीतून वारा आला की बल्ब झुले, आणि वेलीची सावली भिंतीवर मोठी होत होत माळ्यापर्यंत जाई आणि परत येई. रात्री पाणी प्यायला उतरायचं म्हणजे त्या सावलीतून उतरायचं. आम्ही भावंडं डोळे मिटून, पायऱ्या मोजत उतरायचो. तेरा.

आत्याच्या लहानपणी तिथे रॉकेलचा कंदील लागायचा. वीज घरात होती, पण ती ओसरीपुरती आणि आजोबांच्या खोलीपुरती. जिन्यासाठी वीज जाळणं ही उधळपट्टी. कंदिलाच्या काचा पुसायचं काम आत्याचं, कारण घरात सगळ्यात लहान हात तिचा, काचेत मनगटापर्यंत जायचा. आधी काजळी कागदानं काढायची, मग चिमूटभर रांगोळी घेऊन आतून हलक्या हातानं फिरवायची, मग धोतराचा जुना मऊ तुकडा. रांगोळी जास्त झाली तर काचेला चरे पडतात. बोलता बोलता ती हे सगळं हवेत करून दाखवते, चार बोटं एकत्र मिटून, मनगट वळवत. दिवाळीच्या आधी हातसुद्धा पुसायचा. स्टुलावर चढून, खोबरेल तेलाच्या बोळ्यानं, एकेका वेलांटीच्या आतून. "पानाच्या मागे बोट घालून पुसायला लागायचं," ती म्हणते. "वरून नाही, मागून. तिथे कोळी घर करायचे."

वाडा १९९८ मध्ये बिल्डरला दिला. कुणी किती फूट, कुणाला पार्किंग, यातच सगळ्यांचं डोकं असताना सामानाकडे बघायला वेळ कुणाला? सागवान बिल्डरनं नेलं, ते करारातच होतं. भांडी वाटून घेतली. राहिलेलं भंगारवाल्याला. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेले, आणि त्या दिवशी सुट्टी घेऊन थांबलेली मी एकटीच होते. भंगारवाल्यानं हात पहारीनं उचकटून काढला, तेव्हा भिंतीचा चुना पायरीवर पडला आणि आत मातीच्या विटा दिसल्या, केवढ्या तरी पातळ. त्यानं ताणकाटा काढला, त्याच्या आकड्यात हाताची कडी अडकवली आणि उचललं. हात हवेत गिरकी घेत राहिला. काटा थांबायची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. "साडेतीन किलो," तो म्हणाला. "ठेवायचाय का ताई?"

मी म्हणाले, "नको, घेऊन जा."

हे मी आत्याला कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं तो बिल्डरनं नेला.

संग्रहालयातला हात आमचा असेल का, हा प्रश्न अर्थातच मनात आला. भंगारातून जुन्या बाजारात, जुन्या बाजारातून कुणा संग्राहकाकडे, तिथून इथे. पुण्यात वस्तू असा प्रवास करतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात पथारीवर काय काय दिसतं ते ज्यानं पाहिलंय त्याला हे अशक्य वाटणार नाही. पण अशा घाटाचे हात तेव्हा शेकड्यानं असणार, आणि आमच्याच असण्याचा हट्ट धरण्यात एक लबाडी आहे हेही कळत होतं. आमचाच निघाला तर मी टाकलेली वस्तू आपोआप जपली गेली असं होणार, आणि मी सुटणार.

दिवे बघायचेच म्हणून पुढच्या रविवारी केळकर संग्रहालयात गेले. लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर गेले होते तेव्हा मस्तानी महाल सोडून काही लक्षात राहिलं नव्हतं. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' नावानं ते कविता करत. चष्मेवाल्यानं गावोगाव हिंडून दिवे गोळा करावेत यात मला काहीतरी फार जुळून आलेलं वाटतं. वीसेक हजार वस्तू जमवून, मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. लामणदिवे, समया, हातात दिवा धरलेल्या दीपलक्ष्म्या. साखळीत मोर, साखळीत हत्ती. पितळच पितळ. मी लोखंड शोधत होते, आणि ते भेटलं अडकित्त्यांच्या पात्यांत नाहीतर शस्त्रांत.

मग लक्षात आलं, यात नवल काहीच नाही. आपल्याकडे लोखंड देवापुढे चालत नाही. ते शनीचं, शनिवारी विकतसुद्धा घ्यायचं नाही. लोखंडानं विळी व्हावं, तवा व्हावं, पहार व्हावं, दाराची कडी व्हावं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला जे फूटभर लांबीचे अणकुचीदार खिळे आहेत, एकेका फळीवर बहात्तर, तसं व्हावं. पण नटावं? नटायचं काम लाकडाचं, पितळेचं, दगडाचं. लोखंडाला वेल फुटलेली आपण पाहिली ती साहेबाच्या बंगल्यांत, कठड्यांत, फाटकांत, दिव्यांच्या खांबांत. त्यातलंही बरंच घडीव नव्हे, ओतीव, म्हणजे बिडाचं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा अख्खा सांगाडाच १८६०च्या दशकात इंग्लंडमधून ओतून जहाजानं आला. बिडाची वेल साच्यातून निघते, म्हणून सगळी पानं जुळी. घडीव वेलीत दोन पानं कधी सारखी नसतात. हे मला अर्थातच तेव्हा ठाऊक नव्हतं. हे सगळं बाल्कनीच्या ग्रिलमुळे कळलं.

बाल्कनीत कबुतरं येतात. जाळी लावली ती त्यांनी वाकवली. म्हणून ग्रिल करायला टिंबर मार्केटच्या मागच्या एका बोळात फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले होते. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, समोर रस्त्यावरच वेल्डिंग चाललेलं, आत कोपऱ्यात पोत्यांमध्ये तयार वेलांट्या भरलेल्या. हव्या त्या मापाच्या, मशीनवर वळवलेल्या, किलोवर मिळतात. मालक पन्नाशीचे, गळ्यात काळा चष्मा, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. माप घेऊन झालं, भाव ठरला, आणि मी सहज फोन काढून विचारलं, "हे उलटं आहे का हो?"

त्यांनी फोटो मोठा केला. मग फोन आडवा केला. मग उलटा धरला. मग हातातली पट्टी खाली ठेवून ते नीट स्टुलावर बसले. "हे कुठं आहे मॅडम? हे घडीव आहे."

"कशावरून?"

"वेल्डिंग कुठंय सांगा बरं."

खरंच कुठे नव्हतं. जिथे दोन वेलांट्या एकमेकींना टेकत होत्या तिथे लोखंडाची एक लहानशी पट्टी अंगठीसारखी गुंडाळलेली होती. ती मी शोभा म्हणून पाहिली होती. "ती पट्टी लाल करून घालायची," ते म्हणाले, "आणि ठोकून वळवायची. गार झाली की आवळून बसते. कुणी काढून दाखवावी!" त्यांचे आजोबा असं काम करायचे. भात्यावर आजी बसायची. कोळशात लोखंड आधी गाजरासारखं होतं, मग केशरी, मग पिवळं, आणि पांढरं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या की गेलं, जळलं. वळवायला केशरी पुरे. पण दोन तुकडे ठोकून एक करायचे तर पांढऱ्याच्या अगदी अलीकडे पकडायचं, आणि ती वेळ डोळ्यानंच कळते. म्हणून आजोबा शेड अंधारी ठेवायचे. उन्हात रंग दिसत नाही. दिव्याचा हात अंधारातच घडतो, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

आणि ते लोखंडही आता नाही, म्हणाले. याचा अर्थ मी घरी येऊन वाचला तेव्हा कळला. पूर्वीचं घडीव लोखंड म्हणजे कार्बन जवळजवळ नसलेलं, आणि धातूच्या मळीचे बारीक तंतू अंगभर लांब पसरलेलं लोखंड. तोडलं तर उसाच्या कांड्यासारखं चोयट्या-चोयट्यांनी तुटतं. आयफेल टॉवर त्याचाच आहे. १८५६ मध्ये बेसेमरची रीत आली, स्वस्त पोलाद निघायला लागलं, आणि हे हळूहळू मागे पडत पडत १९७०च्या दशकात इंग्लंडातल्या शेवटच्या भट्ट्याही विझल्या. आज 'रॉट आयर्न' म्हणून जी फाटकं आणि झुंबरं विकतात ती साध्या माइल्ड स्टीलची. नाव राहिलं, लोखंड गेलं. फॅब्रिकेशनवाल्यांनी हे फार थोडक्यात सांगितलं होतं: "जुनं लोखंड वळायला ऐकायचं. हे ऐकतं, पण नाराजीनं."

"मग उलटं आहे का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. वेल वर असली तरी चालतं, म्हणाले. वेल खाली असेल तर ती टेकू देते आणि वर असेल तर ओढून धरते, घडीव लोखंडाला ओढ सोसते. "बिडाचं असतं तर मी काळजी केली असती. हा पडणार नाही. पडत नाही म्हणून कुणाला कळत नाही." मग त्यांनी फोटोतली कडी बोटांनी ताणून मोठी केली, ती फुटून नुसते ठिपके दिसायला लागले. "हिला बघा. आतून. साखळी जिथं बसते तिथं लोखंड झिजतं. वाऱ्यानं दिवा हलतो, वर्षं जातात, खोबण पडते. खोबण खाली असेल तर सुलटा. वर असेल तर..." आणि त्यांनी हाताचा पंजा उलटा करून दाखवला.

त्या दिवशी घरी येऊन आत्याला फोन केला. कडीचं सांगितलं, आवळून बसणाऱ्या पट्टीचं सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये टीव्हीचा आवाज कमी केलेला कळला. मग मी विचारलं, तुला इतकी खात्री कशी? तुला तर कडीचं माहीत नव्हतं. लहानपणी पुसायचीस म्हणून?

"गाळामुळे," ती म्हणाली.

१२ जुलै १९६१. पुण्याच्या माणसाला पुढचं सांगायला नको. आत्या अठरा वर्षांची होती. पानशेत फुटलं तेव्हा सगळे पर्वतीकडे पळाले. हे मी शंभरदा ऐकलंय. आजोबांनी देव घेतले, आजीनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली, हेही. कुलूप लावलेला दरवाजा चौकटीसकट वाहून गेला होता, यावर आमच्या घरात दर वर्षी एकदा हसतात. पण परत आल्यानंतरच्या दिवसांविषयी ती फारशी बोलत नाही. त्या संध्याकाळी फोनवर बोलली. पाणी माडीच्या जिन्याच्या नवव्या पायरीच्याही वर चढून गेलं होतं. ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, आणि ज्यात ज्यात म्हणून काही मावतं त्या प्रत्येक गोष्टीत गाळ. कढया, घागरी, उखळ हे तर झालंच; पण दंतमंजनाच्या डबीत, आजोबांच्या चष्म्याच्या घरात, कोनाड्यातल्या पणतीत, दाराच्या कुलपाच्या भोकात, बाहुलीच्या बुटात. सगळं भरलेलं, काठोकाठ, कुणीतरी शांतपणे मापून वाढल्यासारखं. ती आणि आजी चमच्यानं एकेक वस्तू रिकामी करत बसल्या होत्या. किती दिवस, ते तिला आठवत नाही. वास मात्र आठवतो. वीज नव्हती, म्हणून कुठूनतरी एक कंदील मिळाला आणि तो टांगायला ती स्टुलावर चढली.

"हात पण पाण्याखालीच होता गं. मी चमचा घेऊनच चढले होते. म्हटलं, त्या पानात पण असणार. तर पान रिकामं. पालथं होतं ना. सगळ्या घरात तेवढं एक पान रिकामं होतं."

मी काही बोलले नाही.

"म्हणून परवा ते उताणं बघितलं नि मला कसंसंच झालं," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज परत मोठा केला.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच संग्रहालयात गेले. आत्याला चल म्हटलं, तर म्हणाली, "मला माहीत आहे. तुला बघायचंय, तू जा." अकराचा सुमार होता, गर्दी नव्हती. जिन्याच्या वळणावर पोचले आणि आधी काय जाणवलं, तर भिंत रिकामी होती. दिवा लागलेला होता आणि भिंतीवर वेलीची सावली नव्हती. सावली छताला चिकटली होती, आखूड, गुंतलेली, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी. वेल दिव्याच्या वरच राहिल्यावर दुसरं काय होणार? एवढी साधी गोष्ट मला आधी कशी दिसली नाही, आणि तीही लहानपणी त्या सावलीला घाबरलेल्या मला, हे माझं मलाच कळेना.

दहाव्या पायरीवर उभं राहिलं की कडी डोळ्याच्या रेषेत येते. हात लावायचा नाही, म्हणून फोनचा टॉर्च लावला आणि कॅमेरा शक्य तितका जवळ नेला. रंगाचे थर कडीच्या आतही होते, पण साखळीनं ते जागोजाग उडवले होते. कडीच्या वरच्या अंगाला, आतून, खोबण होती. अंगठ्याचं नख मावेल एवढी खोल, गुळगुळीत, काळ्या रंगानं अर्धी बुजलेली. खोबणीत आता काहीच टेकत नव्हतं. टॉर्च खाली केला. साखळी बसली होती तिथे, खालच्या अंगाला, अजून एक होती. उथळ, अरुंद, पण होती, आणि रंग नसल्यामुळे नाण्याच्या कडेसारखी चमकत होती.

मी दोन्हींचे फोटो काढले. किती काढले ते नंतर मोजले, एकोणीस.

"तुम्ही त्या आजींबरोबर आला होता ना?" मागून आवाज आला. तोच रखवालदार. मी घाईनं फोन खाली घेतला, काही चोरताना सापडल्यासारखा. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला. "साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, भिंतीतून काढायचा म्हणजे प्लास्टर जाईल, मंजुरी लागते." थोडं थांबून म्हणाला, "धूळ काढतो आता मी. सोमवारी. आजी बोलल्या तेव्हा बघितलं, लई बसली होती."

पान खरंच स्वच्छ होतं. पतंगही नव्हता.

जाताना अभिप्रायाची वही उघडली. आत्याच्या ओळींखाली शाळेतल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'मला तलवारी आवडल्या.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मला पण.' त्यानंतर दोन पानं भरून लोकांनी छान, सुंदर, अप्रतिम लिहिलं होतं. मी पेन हातात घेतलं आणि काय लिहावं ते सुचेना म्हणून परत ठेवलं.

बाहेर पायरीवर बसून आत्याला फोटो पाठवले आणि फोन केला. वरची खोबण सांगितली. खालचीही सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून झिजलाय." मी म्हटलं, हो. आमचा वाटतो का तुला? फोटो मोठा करून बघ. ती बराच वेळ बघत असावी, कारण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आता विचारेल, आपला कुणी नेला होता गं? आणि त्या दिवशी मी सांगितलं असतं.

"काच कोण पुसतं त्याची?" तिनं विचारलं.

"काच नाहीये आत्या. प्लॅस्टिक आहे."

"मग रांगोळी नको सांगूस त्यांना," ती म्हणाली. "चरे पडतील."